रतन तानाजी साळवी

सत्तावन्न सालच्या निवडणुकीआधी हरिहर आमच्या कोपरीत मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत आला. माझ्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी निघाली. 'रतन तानाजी साळवी.' माझी बायको. ती दिवाळीतच वारली होती.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादीवाला दारात आला, तेव्हा रतन लाजून आत गेली होती. "माझी बायको, असं लिहा," मीच म्हणालो होतो. स्वतःचं नाव नाही म्हणून पुढे ती नोंद यादीतून काढून टाकली. मग आता तिचं नाव आलं कुठून?

"मेलेल्या माणसांची मतं टाकणार काय रे?" मी हरिहरला विचारलं.

"तात्या, मी फक्त वाटतो. कचेरीत जाऊन विचारा."

कचेरीतल्या कारकुनानं यादीत नाव घालायचा अर्ज काढून दाखवला. त्यावर तिचं नाव, माझं नाव आणि खाली सही.

"हा खोटा आहे. बावीस वर्षांत तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आणि ती अंगठा लावायची."

"अहो, माझ्यासमोर त्या बाकावर बसून लिहिलंय त्यांनी. हेमाबाईंच्या साक्षरता वर्गातल्या नऊ बायका एकदमच आल्या होत्या. तुमचं नाव विचारलं तर बोलल्या नाहीत, लिहून दिलं."

हेमाबाईंकडे रतन रोज दुपारी जायची. पापड लाटायला जाते, म्हणायची.


वर्षभर घरात एकही पापड आला नाही, तरी मला संशय आला नाही.