हळू!

मारतहळ्ळीत तळ्याकाठच्या वॉकिंग ट्रॅकला लागून तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला, तेव्हा उल्का म्हणाली होती, "पुण्यात असा व्ह्यू स्वप्नात तरी मिळाला असता का रे?"

मग बाळ झालं आणि कळलं, या व्ह्यूला आवाजही आहे. रोज पहाटे साडेपाचला निम्मं बेंगळुरू आमच्या खिडकीखालून शुगर, सून आणि शेअर बाजारावर ओरडत चालतं. रात्रभर रडून बाळाचा नेमका तेव्हाच डोळा लागलेला असतो.

काल उल्काचा बांध फुटला. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन तिनं खिडकी उघडली, हात जोडले. हिंदी, इंग्रजी काहीच सुचेना. बाळाकडे बोट दाखवत ती रडवेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "अंकल, प्लीज... हळू! हळू!"

सगळे एकदम गप्प. कानटोपीवाल्या आजोबांचे तर डोळे भरून आले. "सरी अम्मा, सरी. चिंता मत करो."

"बघ," उल्का मला म्हणाली, "माणसांना नीट सांगितलं की कळतं. तूच घाबरट."

आज पहाटे पाचलाच बेल वाजली. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिली. बाळ किंचाळत उठलं. दार उघडलं, तर बाहेर अख्खा ट्रॅक रांगेत उभा. प्रत्येकाच्या हातात दुधाची पिशवी.



कानटोपीवाले आनंदानं ओरडले, "कल तुम कन्नडा में 'हालू' मांगा ना, अम्मा? दूध लाया! अब रोज पाच बजे बेल बजाएगा!"