पंपावरची जागा

“तू आत यायचं नाहीस. पंपावर थांब,” साहेब म्हणाले.

तिने पाठीवर हवेचं सिलिंडर चढवून पट्टे आवळले होते. फक्त मुखवटा लावायचा बाकी होता. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांतून काळा धूर निघत होता.

“पुढची आगीची वर्दी आली की आत मी जाणार, असं तुम्हीच म्हणाला होतात, साहेब.”

“म्हणालो होतो. सिलिंडर मामांना दे.”

मामा म्हणजे बंबाचे ड्रायव्हर. पंपही तेच चालवायचे. निवृत्तीला टेकलेले, स्टेशनचा जिना चढतानाही देवाचं नाव घेणारे. “आपलं आत जायचं वय सरलं, आता नुसतं पाणी पाजायचं,” असं स्वतःच सांगायचे. एरवी त्यांनी या बदलीवर दोन विनोद तरी केले असते. आज मुकाट्याने तिच्या पाठीवरचं सिलिंडर उतरवून घेतलं.

“मामांना दम लागतो, साहेब! आणि मी...”

“तुझा वॉकीटॉकीही दे.”

“तो कशाला? मग मला कळणार कसं?”

“शिडीवरचा जवान हात वर करील, तेव्हा दाब वाढव. काही झालं तरी इथून हलायचं नाही. आम्ही आत तुझ्या पाण्याच्या भरवशावर आहोत.” साहेबांनी हे सगळं पंपाच्या काट्याकडे बघत सांगितलं. तिच्याकडे नाही.

दोघं आत गेले. तिने पंपाचा दांडा धरला.

बंब मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. तिथून दिसत होती एक भिंत, एक शिडी आणि धूर. येताना पुढे, वायरलेसजवळ, साहेब आणि मामा बसले होते. ती मागे, पाइपांच्या गुंडाळ्यांशेजारी, मनातल्या मनात जिने चढत होती. स्टेशनातून निघताना साहेबांनी हसून “तयार ना?” विचारलं होतं. गाडीतून उतरेपर्यंत माणूसच बदलला.

उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. तोवर एकदाही आत गेली नाही, तर टेबलावर बदली ठरलेली. मग जन्मभर फोन घ्यायचे आणि दुसऱ्यांना आगीकडे धाडायचं.

घरी एकट्या दादाने तिची बाजू घेतली होती. दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. “मी माणसं वर चढवतो, ही खाली उतरवेल. घरचा धंदा पुरा होईल,” असं म्हणून त्याने बाबांनाही हसवलं होतं. आज सकाळीच चिडवून गेला होता, “काय गं, शिरलीस का आत एकदाची, की अजून पाइपच धुतेस?”

आता त्याला सांगायचं काय?

पलीकडच्या फाटकातून एक म्हातारबाबा पुढे सरकले. “सगळे उतरलेत म्हणे. एकच कामगार राहिलाय वर.”

“मागे व्हा, आजोबा.”

“होतो गं बाई. तुला बाहेरच ठेवलं वाटतं? शहाणा आहे तुमचा साहेब. पोरीबाळींचं काम का हे!”

तिने नजर काट्याकडे वळवली. पण शब्द जिथे लागायचा तिथे लागला. मामांसारखा थकलेला माणूस चालतो, मी नाही. दांडा सोडावा आणि जिन्याकडे धाव घ्यावी, असं क्षणभर वाटलं. मग नोकरी गेली तरी जाऊ दे.

तेवढ्यात काटा खाली आला. शिडीवरच्याने हात वर केला.

मामा आत होते. तिचं सिलिंडर पाठीवर घेऊन.

तिने दोन्ही हातांनी दांडा हळूहळू सरकवला. पाइप पुन्हा टणक झाला. त्यानंतर तिने भिंतीकडे पाहिलं नाही, धुराकडे पाहिलं नाही. डोळ्यांपुढे फक्त काटा ठेवला आणि मनात एकच ठरवलं. हे दोघं सुखरूप बाहेर येऊ देत, मग साहेबांपुढे राजीनामा ठेवायचा. असल्या माणसाच्या हाताखाली काम नको.

बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं. आधी मामा आले, भिंतीला धरून, खोकत. मग स्ट्रेचर. त्यावरचा माणूस काजळीने माखलेला, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. रुग्णवाहिकेकडे नेताना त्याचा हात हलला.

मामा तिच्याजवळ येऊन थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बंबाच्या पायरीवर बसले.

पाठोपाठ साहेब आले. त्यांनी पंपाच्या दांड्यावर आपला हात ठेवला.

“सोड आता. मी बघतो.”

“बघा. आणि उद्या माझा राजीनामाही बघा,” ती म्हणाली. “मी बाई आहे म्हणून आत नेलं नाहीत, एवढं तरी तोंडाने कबूल करा.”

साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

“राजीनाम्याचं उद्या बघू. आधी पळ, रुग्णवाहिकेत बस. शुद्धीवर आलाय, तुलाच विचारतोय. ज्याचा सख्खा भाऊ आत अडकलेला असतो, त्याला आत न्यायची आपल्यात रीत नाही.”