चार की सहा

इस्पितळात जाण्याआधी इरावतीने भिंगाखाली ते इवलं पांढरं फूल पुन्हा उलगडून पाहिलं. पुंकेसर चारच होते. सहा भरले असते, तर ओढ्याकाठचं हे रोप निराळ्या जातीचं ठरलं असतं आणि तिला शिकवणाऱ्या खांडेपारकर सरांचं तीस वर्षांचं म्हणणं खरं झालं असतं. चार म्हणजे कुंड्यांमधून उगवणारं तेच साधं तण.

खाटेवर सर तिचीच वाट पाहत होते.

"मोजलेस?"

"सहा आहेत, सर."

त्यांनी तिचं मनगट धरलं. "तू कधी खोटी नोंद केली नाहीस. म्हणून तर हे काम तुझ्याकडे सोपवलं."

दुसऱ्या दिवशी सर गेले. आठवड्याने इरावतीने नोंदवहीत 'चार' लिहिलं आणि वहीवरच डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.