तेवीस अंश

"मॅडम, दोन मिन्टं गार होतो, मग जातो." भट्टीवरचा तातोबा दुपारी नमुना घेऊन आला की माझ्या खोलीत टेकायचा. अख्ख्या फौंड्रीत एसी इथंच; तोही माणसांसाठी नव्हे, स्पेक्ट्रोसाठी. हे यंत्र नमुन्यावर ठिणगी पाडतं आणि तिच्या उजेडावरून लोखंडात काय किती आहे ते सांगतं. त्याचं कॅलिब्रेशन तेवीस अंशांचं. खोली दोन-तीन अंशांनी तापली तरी आकडे सरकतात.

गेल्या आठवड्यात तातोबामागून आणखी चौघे आले. दार उघडत राहिलं. यंत्रानं मँगनीज कमी दाखवलं, म्हणून मी आणखी घालायला लावलं. माल ठिसूळ निघाला, सगळा परत आला. साहेबांनी बजावलं, "दाराला आतून कडी. नमुना खिडकीतून घ्यायचा. कुणाला आत घेतलंत, तर तुम्हीही बाहेर."

आज बाहेर बेचाळीस. नमुना दिल्यावरही तातोबानं खिडकीची चौकट सोडली नाही.

"मॅडम, आज जरा..."

"एवढा नमुना होऊ दे, मग बघते."

तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

आकडे अगदी बरोबर आले. सांगायला वळले, तर दाराच्या काचेत त्याचं डोकं नव्हतं. कडी काढून दार ढकललं. हललं नाही. ते बाहेर उघडतं, आणि बाहेरून तातोबाचा सगळा भार त्यावर. खांद्यानं रेटलं, वीतभर खिडकीतून ओरडले. भट्टीच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार?

भिंतीवरच्या तापमापीचा काटा तेवीसवरून हलला नव्हता.