सोलरची माळ

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात येडा मीच ठरतो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी माह्या दोस्ताले, धनराजले, सोलरची माळ देली. चंद्रपूरले आमचं लायटिंगचं दुकान आहे, त्यातली सगळ्यात लांब माळ. म्हटलं, घराले लाव, मी पाहाले येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सिंदेवाहीकडच्या त्याच्या गावात गेलो, तं साऱ्या गल्लीत त्याचंच घर बिना लायटिंगचं. दारात फक्त दोन पणत्या.

"विकली काय बे?" मी बोलून गेलो.

 धनराजनं हात धरून मले घरामागं नेलं. दूर जंगलाच्या कडेले, त्याच्या धानाच्या वावरात, लाल-हिरवी माळ लुकलुक करून राह्यली होती.

"तिथी वायर कुठून नेऊ, जिशान? हे दिवसभर ऊन खाते, अंधार पडला का आपली आपण लागते. आठ दिवस झाले, रानडुकरं धानाकडं फिरकले नाई."

तेवढ्यात घरातून त्याच्या बाबाचा आवाज आला. "मैना, अजून एक करंजी दे वं."

दर दिवाळीले धनराजचे बाबा, दादाजीभाऊ, डुकरं हाकलाले वावरातल्या मचानावर राहत, वाघाचं भेव घेऊन. धनराजची आई मैनाबाई तिथी डबा धाडे. यंदा पहिल्यांदा ते दिवाळीले घरी जेवून राह्यले होते.



"आमची ईदची माळ घरी पडून आहे," मी म्हटलं. "उद्या आणून तुह्या दाराले लावतो. पण ईदले परत नेईन, आताच सांगून ठेवतो."