बाग बघायला

“मरेन, पण पोटाला पिशवी बांधून हिंडणार नाय,” नाथा सांगळे म्हणाला आणि नाशिकच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरू लागला. मागून त्याची थोरली लेक उज्वला रिपोर्टांचं पाकीट घेऊन उतरत होती.

डॉक्टरांनी सगळं दोन मिनिटांत उरकलं होतं. लघवीच्या पिशवीत कॅन्सर आहे. ती काढावी लागेल. मग लघवी पोटावर चिकटवलेल्या बाहेरच्या पिशवीत जमा होईल. महिन्याभरात ऑपरेशन झालं नाही तर आपल्या हातात काही राहणार नाही. पुढचा पेशंट! ती बाहेरची पिशवी गळते का, वास येतो का, ती लावून माणसाला खाली बसता येतं का, हे विचारायला नाथाची जीभ रेटली नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. दोन हजार साल उजाडलं होतं, पण असलं काही विचारायचं तर विचारणार कुणाला?

नाथा म्हणजे द्राक्षबागवाला, ताठ माणूस. सिन्नरच्या बाजाराला जायचं तरी डोक्यावर इस्त्रीची टोपी. लग्नाच्या पंगतीत पहिला मान त्याचा. भावकीत भांडण झालं की मधे बसायला नाथाच. अशा माणसानं चारचौघांत मुताची पिशवी घेऊन बसायचं? आजार त्यानं सख्ख्या भावालाही कळू दिला नव्हता. गावात सगळ्यांना मुतखडा सांगून ठेवला होता.

उज्वलानं परोपरीनं समजावलं. रडली, भांडली, एक दिवस जेवलीही नाही. नाथा ढिम्म. मग एकाएकी ती गप्प झाली. सिन्नरच्या कारखान्यात कामाला होती, तिथं रजा टाकून रोज नाशिकला जायला लागली. कशाला, ते सांगेना. नाथाला वाटलं, हरली बिचारी. त्याला सुटल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोला, थोडं वाईटही वाटलं.

एका सकाळी ती म्हणाली, “नाना, निफाडकडं द्राक्षाची एक बाग हाय. पाणी कमी असूनबी लय भारी आलीय म्हणतात. बघून येऊ.”

आता द्राक्षवाला माणूस एक वेळ जेवायला नाही म्हणेल, पण बाग बघायला चल म्हटलं की नाही म्हणणार नाही. नवं वाण असो की नवं औषध, दुसऱ्याच्या रानात डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्या रानात आणायचं नाही, हा तिकडचा कायदाच. कृषी अधिकारी घसा कोरडा होईपर्यंत सांगो, हे विचारणार, “कुणी लावलंय? चला, बघू.” मरायला निघालेला नाथाही टोपी घालून उठला.

बागवाला सावळीराम बोरस्ते नाथाच्याच वयाचा, साठीतला. त्यानं नाथाला सबंध दिवस हिंडवलं. वाकून बुंधे दाखवले, मांडवाखाली उकिडवं बसून घड दाखवले, भर उन्हात विहिरीवर जाऊन मोटर चालू करून आला. वर तोंडाचा पट्टा अखंड. दुपारी दोघं मांडीला मांडी लावून जेवले. शेजारचे चार जण गप्पांना आले, त्यांच्यातही आवाज सावळीरामचाच. नाथा बाग विसरून माणसाकडंच बघत राहिला. त्याला हेवा वाटला. काय नशीब असतं एकेकाचं!

शेजारी गेले. निघताना नाथाला राहवलं नाही. “बोरस्ते, बाग तर भारीच हाय. पण तुमची तब्येत बघून जीव जळतो बघा.”

सावळीरामनं उज्वलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तसा त्यानं सदरा वर केला. पोटाच्या उजव्या अंगाला एक पिशवी चिकटवलेली होती.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “तुमचाच आजार.”

नाथानं जवळ जाऊन पिशवी न्याहाळली. अख्खा दिवस या माणसाच्या खांद्याला खांदा लावून हिंडलो, एका पंगतीला जेवलो. वास नाही, गळणं नाही. मला काही म्हणता काही कळलं नाही!

“ह्या पिशव्या नाशकात ज्या मेडिकलात मिळतात ना, त्याच्या पायरीवर तुमची पोरगी बसून होती,” सावळीराम सांगू लागला. “पिशवी घ्यायला कोण येतं ते बघत. मी गेलो तर माझ्या मागंच लागली. मी खेकसलो. म्हणलं, पोरी, बाप्या माणसाला असलं इचारताना लाज नाय वाटत? तर म्हणती, ‘बाप गेल्यावर लाज घेऊन काय करू?’ मग म्हणलं, आण तुझ्या बापाला बाग बघायला.”

नाथानं वळून पाहिलं. उज्वला दाराशी चपला शोधत होती.

परतीची जीप माणसांनी खच्चून भरली होती. समोरच्या मुंडासेवाल्यानं ओळख काढली, “काय पाव्हणे, बाग बघायला आलता का?”

“हो, बागच,” उज्वला घाईनं म्हणाली. आजार लपवायची तिला आता सवयच झाली होती.

नाथानं हातानं तिला थांबवलं. “नाय ओ. मला कॅन्सर हाय, लघवीच्या पिशवीचा. ऑपरेशन करायचंय. पोटाला पिशवी लागणार. तसली पिशवी लावून राजावानी जगणारा माणूस बघून आलो.”

जीपमधल्या सगळ्या माना वळल्या. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून मागं पाहिलं. सगळे आपल्याकडंच बघताहेत हे पाहून नाथा आणखी ताठ बसला आणि आणखी मोठ्यानं म्हणाला, “हिनं शोधला. ही माझी पोरगी!”