बर्फावरचा नारळ

नारळी पौर्णिमेला धर्मा तांडेलने जहाजावरून समुद्राला नारळ वाहिला, तर तो टणकन बर्फावर आपटून तिथेच पडून राहिला. आर्क्टिक पुन्हा गोठवायला आलेलं त्यांचं जहाज स्वतःच्याच यंत्रांनी बनवलेल्या बर्फात अडकलं होतं. हा बर्फ टिकला, तरच गावचा कोळीवाडा बुडण्यापासून वाचणार होता. तरी रोज चहा पिताना सगळे त्या नारळाकडे बघून वैतागायचे.

आज कूक पास्कल ओरडतच आला, "तांडेल, नारळ पाण्यात डुलतोय! सुटलो आपण!"

बर्फ बनवणारी यंत्रं तर चालूच होती. धर्माने घाईघाईने बायकोला फोन लावला.

"चांगुणा, सामान बांध. पोरांना घेऊन डोंगरावर मावशीकडे जा."

"अहो, पण तुम्ही घरी येताय ना?"

"येतोय," धर्मा म्हणाला, "म्हणूनच सांगतोय."